खर्जातले दिवस

जूनच्या मध्यावर यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यात पाऊस येतो, तो आपल्या मृगासारखा वाजतगाजत येत नाही. येतो आणि ठाण मांडून बसतो. इथे त्याला 'मेइयू' म्हणतात, म्हणजे प्लमचा पाऊस, झाडावर प्लम पिकायच्या दिवसांतला. त्याच उच्चाराचं दुसरं एक 'मेइ' आहे, त्याचा अर्थ बुरशी. काही जण या पावसाचं नाव त्या अक्षरानेही लिहितात, आणि माझ्या घराच्या उत्तरेकडच्या भिंतीकडे पाहिलं की मला तेच खरं वाटतं. अशाच एका संध्याकाळी, सुचौ शहरातल्या भाजीबाजारात, मला चिनी येईनासं झालं.

'येईनासं झालं' हाच शब्द बरोबर आहे. आपण मराठीत 'मला पोहता येतं', 'मला गाणं येतं', 'मला चिनी येतं' असं म्हणतो. शिकणं आपण करतो, पण येणं भाषेच्या हातात असतं. ती येते. त्या संध्याकाळी ती आली नाही.

मला घोसाळी हवी होती. घोसाळ्याला चिनीत 'स्सक्वा' म्हणतात. 'स्स' म्हणजे रेशीम आणि 'क्वा' म्हणजे वेलीवरचं फळ, भोपळ्या-काकडीच्या जातीचं. वाळलेल्या घोसाळ्याच्या आतली जाळी ज्याने पाहिली आहे त्याला हे नाव लगेच पटेल. आणि कलिंगड म्हणजे 'शीक्वा', पश्चिमेकडचं फळ. चिनीत शब्द ठरलेल्या सुरात म्हणायचा असतो, सूर बदलला की अर्थ बदलतो. पण या दोन्ही शब्दांचे सूर अगदी एक आहेत, दोन्ही वर आणि सपाट. फरक आहे तो सुरुवातीच्या एवढ्याशा आवाजाचा. 'स्स' म्हणताना जीभ दातांपाशी ठेवून तिथेच थांबायचं असतं, त्यात ना 'इ' येऊ द्यायचा ना 'उ'. दमलेली जीभ तिथे थांबत नाही. ती घसरते आणि 'शी' होते. भाजीवाल्या बाईंनी मान डोलावली, मागे वळल्या आणि एक कलिंगड तराजूवर ठेवलं. मी नाही म्हणाले, पुन्हा सांगितलं. त्या काहीतरी बोलल्या, पण ते सुचौच्या बोलीत. ती बोली मँडरिनपासून, म्हणजे मी शिकते त्या प्रमाण चिनीपासून, इतकी दूर आहे की मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. माझ्यामागे रांग होती. मी कलिंगडाचे पैसे दिले आणि त्या पावसात ते पाच किलोचं ओझं उचलून घरी आले.

एवढंच असतं तर मी विसरून गेले असते. पण त्या दिवसाची सकाळही तशीच होती.

मी गुणवत्ता विभागात काम करते. चाकणहून इथे पाठवलेली, इथल्या पुरवठादारांकडून येणाऱ्या सुट्या भागांची मापं बघणारी. चीनमधल्या यंत्रशाळांत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाला बोलताना 'एक स्स' म्हणतात, एक रेशीम, म्हणजे रेशमाच्या धाग्याएवढं. शेकडो वर्षं रेशमावर जगलेल्या शहरात लोखंडाचं मापसुद्धा रेशमात सांगतात, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. त्या सकाळी यंत्रांच्या आवाजात फोरमनने मला एक माप सांगितलं. चार रेशीम, ०.०४ मिलिमीटर. मी लिहिलं दहा रेशीम, ०.१०.

हे कसं झालं ते सांगते, कारण यातच या भाषेची सगळी अडचण आहे. चार म्हणजे 'स्स', सूर वरून खाली पडणारा. दहा म्हणजे 'ष्ष', जीभ मागे वळवून, सूर खालून वर चढणारा. शाळेत आपल्याला पोटफोड्या ष शिकवतात आणि मग आपण सगळेच त्याचा श करून टाकतो. मी तो ष खऱ्या अर्थाने म्हणायला सुचौत शिकले. पण दक्षिणेकडची आणि या भागातली बरीच माणसं ष म्हणतच नाहीत, त्यांचा ष सुद्धा स होतो. मग चार आणि दहा यांच्यात जिभेचा फरक उरत नाही. उरतो तो फक्त सूर. एक पडतो, एक चढतो. यंत्र चालू होतं, माझं लक्ष जिभेकडे होतं, आणि सूर माझ्या कानावरून निघून गेला.

त्या मापावर एक गेज, म्हणजे माप तपासायचं साधन, बनलं. ते टाकून द्यावं लागलं, नव्यासाठी तीन दिवस जाणार होते. मला कोणी बोललं नाही. फोरमन एवढंच म्हणाला की यापुढे मी बोटांनीही दाखवत जाईन. चारला चार बोटं, दहाला दोन तर्जन्या एकमेकींवर आडव्या. तो मनापासून मदत करत होता. मला मात्र वाटलं, दोन वर्षं शिकून मी खुणांच्या भाषेवर परत आले.

त्या रात्री मिरजेला आईला फोन केला. आई घरी गाणं शिकवते. भाषेबद्दल तिला सांगून काय उपयोग, असं वाटत होतं, पण रडायला दुसरं कोणी नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं, रेशीम, कलिंगड, सगळं. मग म्हणाली, "आवाज लागत नाहीये का गं आज?"

"हो," मी म्हणाले.

"मग खर्जात बस. वर जाऊ नकोस. पण तानपुरा गवसणीतही घालू नकोस."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलं आहे, माझ्यासाठी नाही, तिच्या विद्यार्थ्यांसाठी. एखादी मुलगी यायची, घसा बसलेला नसायचा, ताप नसायचा, पण आवाज लागायचा नाही. काल घेतलेली तान आज फुटायची. आई तिला तान पुन्हा घ्यायला लावायची नाही आणि घरीही पाठवायची नाही. समोर बसवून खालचा सा धरायला लावायची. अर्धा तास, कधी त्याहून जास्त. खर्ज लावताना चुकायला फारशी जागा नसते. तिथे कौशल्य नाही, दम लागतो आणि कान लागतो. मुलगी जाताना गाणं गाऊन गेलेली नसायची, पण तानपुऱ्याशेजारी बसून गेलेली असायची.

आईचं बोलणं मी तेव्हा धीर देणारं बोलणं म्हणून घेतलं. ते त्याहून जास्त शब्दशः खरं आहे, हे नंतर कळलं.

मँडरिनमध्ये चार सूर आहेत आणि एक हलका, बिनसुराचा. त्यांना आकडे देण्याची पद्धत चाओ युआनरन या भाषाशास्त्रज्ञाने १९३० मध्ये मांडली. हा माणूस संगीतकारही होता, त्याने बांधलेली गाणी चीनमध्ये आजही माहीत आहेत, आणि मला वाटतं त्याच्या मांडणीत तो संगीतकाराचा कान दिसतो. आवाजाच्या पाच पायऱ्या धरायच्या. एक सगळ्यात खालची, पाच सगळ्यात वरची. पहिला सूर ५-५, म्हणजे वर आणि सपाट. दुसरा ३-५, चढणारा. चौथा ५-१, कोसळणारा. आणि तिसरा २-१-४, खाली जाऊन पुन्हा वर येणारा. या पायऱ्या प्रत्येकाच्या आपापल्या असतात. फोरमनचा पाच माझ्या पाचाच्या बराच खाली असतो, आणि तरी दोघांचा पहिला सूर तोच असतो. आईचा सा काळी चारचा आणि तिच्या गुरुजींचा काळी एकचा, म्हणून काही राग वेगळा होत नाही. आपल्याकडे ज्याने गाणं नुसतं कानावरून जाऊ दिलं आहे त्यालाही ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

माझा सगळ्यात कच्चा सूर तिसरा. पुस्तकात त्याची खूण एखाद्या वाटीसारखी असते, म्हणून मी प्रत्येक वेळी वाटीभर फिरून यायची, खाली जायची आणि वर यायची. वाक्य लांबायचं, पुढचा शब्द उशिरा यायचा, आणि वर येताना तो तिसरा सूर दुसऱ्यासारखा ऐकू यायचा. आईच्या फोननंतरच्या दिवशी, वर जायचंच नाही असं ठरवून, मी आधीच पाठ असलेला एक सोपा धडा लावला आणि बोलणाऱ्या बाईच्या मागोमाग फक्त खालचे सूर म्हणत बसले. तेव्हा ऐकू आलं की ती वर येतच नाहीये. वाक्याच्या मध्ये ती खाली जाते आणि तिथेच राहते. मी लाओषींना विचारलं. 'लाओषी' म्हणजे शिक्षक, मी बाईंना त्याच नावाने हाक मारते. त्या म्हणाल्या, बरोबर आहे, बोलताना तिसरा सूर बहुतेक वेळा फक्त खालचा असतो. पूर्ण वाटी फिरायची ती शब्द एकटा असला किंवा शेवटी आला तर, आणि तेव्हाही नेहमी नाहीच. हे त्यांनी मला पहिल्या वर्षी सांगितलंही होतं. वहीत माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे. मी ते ऐकलं होतं, पण मला ते ऐकू आलं नव्हतं.

तिसरा सूर म्हणजे खर्ज. आईने सांगितलं होतं तिथेच जाऊन बसायचं होतं.

मी हे घडलं तसं सांगते आहे, पण त्यातून वाईट दिवस संपले असं कोणी समजू नये. ते अजून येतात. फक्त ते कुठून येतात ते मला आता थोडं दिसायला लागलं आहे.

चिडचिड आपण मराठीत सुरातून काढतो. "काय चाललंय तुझं" हे एकच वाक्य लाडाने, काळजीने, रागाने म्हणता येतं, शब्द तेच राहतात, आवाज वरखाली होतो. प्रश्न विचारताना शेवट आपोआप वर जातो. खात्री नसली की प्रत्येक शब्द थोडा वर उचलला जातो, जणू समोरच्याची परवानगी मागत असावा. चिनीत ही सोय नाही, निदान इतकी मोकळी नाही, कारण आवाजाचं वरखाली होणं शब्दांनी आधीच घेतलेलं आहे. तिथे विकत घेणं आणि विकणं या दोन्हींचा उच्चार 'माइ'. खालच्या सुरात घेणं, कोसळत्या सुरात विकणं. आपल्याकडेही 'विकत घेणे' आणि 'विकणे' एकाच धातूतून निघाले आहेत, पण आपण त्यांना शब्द जोडून वेगळं केलं. त्यांनी सुराने वेगळं केलं. आता मी वैतागलेली असेन तर माझा प्रत्येक शब्द कोसळतो आणि मी खरेदी करायला जाऊन विक्री करते. घाबरलेली असेन तर प्रत्येक शब्द चढतो आणि माझे चार दहाकडे जातात. म्हणजे मन बिघडलं की आधी सूर बिघडतो, सूर बिघडला की समोरच्याला कळत नाही, त्याला कळलं नाही की मन आणखी बिघडतं. फ्रेंच किंवा तमिळ शिकणाऱ्याचेही वाईट दिवस असतात, पण त्याचा राग त्याचे शब्द बदलत नाही. आमचा बदलतो.

मग राग काढायचा कुठे? चिनी माणसं बऱ्याचदा तो वाक्याच्या शेपटाला बांधतात. 'पा', 'न', 'आ', 'मा', अशी छोटी अक्षरं शेवटी येतात आणि बोलणाऱ्याचं मन सांगतात. हे मात्र मराठी माणसाला परकं नाही. "चल ना", "बस की", "येते हं", "जा बरं", आपलं अर्धं मन या शेपटांतच असतं. 'चौ पा' म्हणजे "चल ना". 'नी न' म्हणजे "आणि तू गं?". 'मा' लावला की आपला "का" झाला. वाईट दिवशी मी वाक्य लहान करते, शब्दांना त्यांच्या सुरांत सोडते आणि जे काही वाटतंय ते शेवटच्या अक्षरात घालते. त्याने राग जात नाही, पण भाषा तरी वाचते.

बाकी त्या दिवसांत मी काय करते हे विचाराल तर ते अगदी थोडं आहे. नवा शब्द घेत नाही. स्वतःची परीक्षा घेत नाही. पुरवठादाराला फोन करायचा असेल तर आधी आकडे लिहून वीचॅटवर पाठवते आणि मग बोलते. फोरमनची बोटं बघते, आता मला त्यात कमीपणा वाटत नाही, कारण चार आणि दहाच्या बाबतीत इथली माणसं एकमेकांनाही बोटं दाखवतात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि संध्याकाळी गिरवते.

गिरवण्यासाठी इथे मुलांना चौकटींची वही मिळते. प्रत्येक चौकटीत मधोमध एक उभी आणि एक आडवी रेघ असते. शेत या अर्थाचं चिनी अक्षर नेमकं तसंच दिसतं, चौकोनात अधिकचं चिन्ह, म्हणून त्या वहीला शेताच्या अक्षराची वही म्हणतात. एका पानावर मी एकच अक्षर घेते, बहुतेक वेळा मला येत असलेलंच. पाटीवर 'ग' गिरवताना आपण 'ग' शिकत असतो असं मोठ्या माणसांना वाटतं, पण त्या वयात हाताला एवढंच कळत असतं की रेघ इथून निघते आणि तिथे संपते. वाईट दिवशी मला तेवढंच कळावंसं वाटतं.

त्या वहीतलं एक अक्षर मी पुन्हा पुन्हा घेते. शिकण्याला 'श्युए-शी' म्हणतात, त्यातलं दुसरं, 'शी', म्हणजे सराव. त्याच्या जुन्या रूपात वर पंखांची जोडी आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या एका चिनी शब्दकोशात या अक्षराचा अर्थ 'पुन्हा पुन्हा उडणं' असा दिला आहे. घरट्यातलं पिल्लू करतं तसं. विसाव्या शतकात अक्षरं सोपी केली गेली तेव्हा या अक्षरातलं बाकी सगळं गेलं आणि जोडीतला एकच पंख उरला. तीन रेघांचं अक्षर. माझी लाओषी म्हणते, लिहायला किती सोपं झालं. मला ते एकट्या पंखाचं अक्षर बघून दर वेळी थोडं वाईट वाटतं, आणि तरी हाताला तेच आवडतं.

इथल्या लोकांनाही अक्षरं विसरतात. फोनवर उच्चार टाइप केला की अक्षर निवडायचं, त्यामुळे हाताने लिहायची वेळ आली की रेघा आठवत नाहीत. त्यासाठी चार अक्षरांचा एक वाक्प्रचारच आहे, 'लेखणी उचलली आणि अक्षर विसरलं'. आमच्या कचेरीतली एक चिनी मुलगी फळ्यावर लिहिता लिहिता थांबली, फोन काढला, अक्षर बघितलं आणि पुढे लिहू लागली. ती शरमली नाही. कोणी तिच्याकडे पाहिलंही नाही. विसरणं इतकं साधं असू शकतं हे मी त्या दिवशी पाहिलं. तोपर्यंत मी प्रत्येक विसरलेल्या अक्षराला अपयश म्हणत होते.

सगळ्यात कठीण दिवस कुठले म्हणाल तर सुरुवातीचे नव्हेत. सुरुवातीला रोज काहीतरी हाताला लागतं. आज पाणी मागता आलं, आज रस्ता विचारता आला. मी शिकले त्या सहा पातळ्यांच्या परीक्षेत चौथ्या पातळीला १२०० शब्द होते, पाचवीला २५००, सहावीला ५०००. चौथी झाल्यावर मी वर्षभर रोज अभ्यास केला आणि मला जराही पुढे गेल्यासारखं वाटलं नाही. बाराशे शब्दांत जगणं भागतं, आणि त्यापुढचा प्रत्येक शब्द क्वचित भेटतो, म्हणून तो टिकत नाही. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना मँडरिन शिकवायला सुमारे २२०० तास धरतं. माझ्या आठवड्याला सात तासांच्या हिशेबाने ती सहा वर्षं होतात. हा आकडा मला एका वाईट रात्री सापडला आणि मी वही मिटून ठेवली होती. काही दिवसांनी तोच आकडा पुन्हा पाहिला तेव्हा वाटलं, म्हणजे मी मागे पडलेली नाही, मी फक्त मध्यावरही पोचलेली नाही. त्याच आकड्याने एकदा मला आडवं केलं आणि एकदा उभं केलं. तेव्हापासून भाषा सोडायची की ठेवायची, परीक्षा द्यायची की नाही, मिरजेला परत जायचं का, असला कुठलाही निर्णय मी वाईट दिवशी घेत नाही. निर्णय चांगल्या झोपेनंतर घेते.

रोजची साखळी तुटू देऊ नका, असं शिकवणारी अ‍ॅपं सांगतात. मला तो धाक मान्य नाही. ज्याला भाषेची ओढ आहे त्याला साखळीने बांधायची गरज नसते, आणि ज्या दिवशी ओढ नसते त्या दिवशी साखळी फक्त जाच करते. मी पाच महिन्यांची साखळी एका रात्रीत तुटू दिली आहे आणि दुसऱ्या दिवशी त्याच धड्यावर परत गेले आहे. तानपुरा उघडा ठेवायचा असतो, वाजवलाच पाहिजे असं नाही.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक बाई राहतात, सत्तरीच्या आसपास. त्यांना मी 'आयी' म्हणते. चिनीत आयी म्हणजे मावशी, आणि वडीलधाऱ्या कोणत्याही बाईला तसं म्हणता येतं. पहिला स्वर सपाट, दुसरा चढता. मराठी कानाला तो शब्द जवळजवळ आपला 'आई'च वाटतो, आणि त्यामुळे दमलेल्या दिवशीसुद्धा तो एक शब्द माझा कधी चुकत नाही.

कलिंगडाच्या त्या दिवसांतच एकदा आयींनी मला जिन्यात थांबवलं आणि विचारलं, तू इंडियाची ना? मी हो म्हणाले. मग त्या उत्साहाने काहीतरी सांगू लागल्या. मला दोनच गोष्टी कळल्या, 'डॉक्टर' आणि पुन्हा पुन्हा येणारं एक नाव, 'ख तीह्वा'. मला वाटलं, मी डॉक्टर आहे का असं विचारतायत. मी मान हलवली, नाही, मी डॉक्टर नाही, कारखान्यात आहे. त्यांचा चेहरा पडला. अशा वेळेसाठी चिनीत 'थिंग पु तोंग' म्हणतात, ऐकलं पण कळलं नाही. ते म्हणण्याचीही ताकद माझ्यात नव्हती. मी हसून वर निघून गेले.

रात्री गिरवताना ते नाव डोक्यात फिरत राहिलं. रोमन लिपीत चिनी लिहिण्याची आजची पद्धत १९५८ साली आली. तिच्यात जे अक्षर ड म्हणून दिसतं ते बोलताना त होतं, ब चा प होतो, आणि क म्हणून दिसतं त्याचा ख. अल्पप्राण-महाप्राणाचा भेद आपल्या कानात आहेच, फक्त कुठल्या अक्षरामागे कुठला आवाज आहे ते शिकावं लागतं. ख तीह्वा. मग उलटं गेले, ख चा क केला. को. कोटणीस.

सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले, त्यातले एक. जपानशी युद्ध चालू होतं. पाचही जणांनी आपल्या चिनी नावाच्या शेवटी 'ह्वा' लावून घेतला, 'ह्वा' म्हणजे चीन. कोटणीस चिनी बोलायला शिकले, इतके की चिनी विद्यार्थ्यांना वैद्यकी त्या भाषेत शिकवत. इथल्याच एका परिचारिका-शिक्षिकेशी त्यांचं लग्न झालं. ९ डिसेंबर १९४२ ला हपेइ प्रांतातल्या एका खेड्यात ते वारले, तेव्हा ते ३२ वर्षांचे होते. हे सगळं मी शाळेत वाचलं होतं. मिरजेहून सोलापूर काही तासांवर आहे. आणि त्यांचं नाव त्यांच्याच माणसाच्या तोंडून, म्हणजे ज्यांच्यासाठी ते गेले त्यांच्या तोंडून, मला पहिल्यांदा ऐकू आलं तेव्हा मी ते ओळखलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी आयींचं दार वाजवलं. वाक्य तयार करून गेले होते: ख तीह्वा माझ्या गावाजवळचे. सगळे सूर बरोबर आले नसतील. त्यांनी माझा हात धरला आणि आत बसवलं. काय बोलल्या त्यातलं निम्मं कळलं. निम्मं बोलणं त्यांच्या बोलीत होतं.

ऑगस्टच्या शेवटी सुचौत 'चीथौमी' येते. तलावात उगवणारं, काटेरी, कोंबडीच्या डोक्यासारखं फळ, त्यातले गोल दाणे. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ओळखले नाहीत. हे आपले मखाणेच, तीच वनस्पती. आपण ते फोडून, लाह्या करून खातो, इथे ताजे, ओले, पांढरे दाणे गोड पाण्यात उकळतात. त्यांचं कवच इतकं चिवट असतं की बोटाला धातूचं नख चढवून एक एक दाणा सोलावा लागतो. आयी दारात बसून सोलत होत्या. मी त्यांच्याकडून एक नख मागून घेतलं. तो दिवसही बरा नव्हता, सकाळपासून तीनदा मला समोरच्याने "काय म्हणालात?" असं विचारलं होतं. आयींनी काही विचारलं नाही. तासाभरात माझे वाटीभर दाणे झाले, त्यांचे चार वाट्या. उकळून झाल्यावर एक वाटी माझ्यापुढे ठेवून त्या म्हणाल्या, 'मान मान छ्र', हळूहळू खा. जेवायला बसलेल्या पाहुण्याला आमच्या घरी "सावकाश होऊ द्या" म्हणतात, तेच. तीन शब्द मला पूर्ण कळले.

परवा आईला फोनवर हे सगळं सांगत होते. तिने विचारलं, 'मी' ला काय म्हणतात?

"वो," मी म्हणाले. "खर्जात."

तिने तानपुरा उघडा ठेवलेला होता, मागे ऐकू येत होता. तिने षड्ज लावला, तिथून खाली उतरली आणि 'वो' म्हणाली. पहिल्याच वेळेला लागला. मी दोन वर्षं तिथे पोचत होते.

"आणि 'तू'?"

"नी. तोही खर्जात."

"आणि 'चांगलं'?"

"हाओ. तोही."

"तिन्ही खालीच?" आई म्हणाली. मग मी तिला सांगितलं की दोन खर्ज शेजारी आले तर पहिला वर उचलायचा असतो, दोघे एकत्र खाली बसत नाहीत. ती थोडा वेळ गप्प राहिली. तानपुरा वाजत होता. मग म्हणाली, "बरं. म्हण एकदा. मी मागून म्हणते."